चौघांची टेप, पाचांची टेप

त्या रविवारी भर दुपारी आमच्या ह्यांनी गिरणीचा पट्टा उतरवला आणि बाहेर डबे घेऊन बसलेल्या बायकांना सांगितलं, आता पाच वाजेपर्यंत दळण नाही. का नाही म्हणून विचारल्यावर ह्यांनी खरं कारण सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. आत टेप ऐकायची आहे, म्हणाले. त्यावर एक बाई फणकारली, टेप ऐकायला आमच्या घरी कधी गिरणी बंद करायला लागत नाही.

तिचंही खरंच होतं. पण आमचं घर गिरणीच्या पाठीमागं, मधे भिंत एकच. गिरणी सुरू असली की मांडणीवरच्या वाट्यासुद्धा आपसात बोलायला लागतात. त्यात व्हायोलिन ऐकायचं म्हणजे वरातीत उभं राहून कानगोष्ट करण्यातला प्रकार. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत आम्हाला सगळे गिरणीवाले म्हणूनच ओळखायचे. दिवसभर मी अंगावर पीठ घेत तिथं उभी असायची आणि संध्याकाळी आंघोळ करून दुसरं व्हायोलिन वाजवायची. लोकांना ते पटत नसे. दुसरं व्हायोलिन म्हटल्यावर एका पाव्हण्यांनी काळजीनं विचारलं होतं, मग पहिल्याचं काय झालं?

पहिलं शिरगावकरसरांकडं होतं. आमचं क्वार्टेट होतं, म्हणजे चौघांचा मेळ. दोन व्हायोलिनं, त्याहून जरा थोराड आणि जाड आवाजाचा एक व्हायोला, आणि मांडीशी उभा धरून वाजवायचा मोठा चेलो. पहिलं व्हायोलिन गातं आणि दुसरं बराच वेळ त्याला होला हो करत राहतं. संसार केलेल्या बाईला हे शिकवायला लागत नाही. शिरगावकरसर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि त्यांना चूक म्हणून सहन व्हायची नाही, मग ती विद्यार्थ्याची असो नाहीतर बायकोची. चेलोवर बाळगोंडा. हा हुपरीचा, घरचा चांदीचे पैंजण करायचा धंदा, माणूस आडवातिडवा आणि मनानं लोणी. एसटीचे कंडक्टर चेलोचं वेगळं तिकीट मागायला लागले म्हणून त्यानं तो आमच्या माजघरात आणून ठेवला होता. आमची पोरं त्याला बाळगोंडाकाकांची म्हैस म्हणायची.

आणि व्हायोला शांतवन मास्तरांचा.

मास्तर मिशन कंपाउंडात वाढलेले. लहानपणी एका मडमेनं त्यांना चर्चमधल्या प्रार्थनांना वाजवायला शिकवलं. मोठेपणी कोल्हापुरातल्या स्टुडिओत ते सिनेमाच्या गाण्यांना साथ करायचे आणि स्टुडिओ थंडावल्यावर गावातल्या पोरापोरींना शिकवायला लागले. शिरगावकरसर, बाळगोंडा आणि मी, तिघंही त्यांच्याच हाताखालून गेलेलो. क्वार्टेटचं वेड आम्हाला त्यांनीच लावलं. ते म्हणायचे, गाणाऱ्याच्या पाठीमागं वाजवण्यात माझा जन्म गेला, इथं मात्र चार माणसं ओसरीवर बोलत बसावीत तसं आहे, कुणी कुणाच्या पाठीमागं नाही. एकदा तरी नीट सभागृहात, मुद्दाम हेच ऐकायला आलेल्या माणसांसमोर वाजवायचं, एवढी एकच हौस त्यांची राहिली होती. कोल्हापुरात आम्ही एकदा कार्यक्रम केला होता म्हणा. अर्धे लोक गाणं कधी सुरू होतंय म्हणून वाट बघत बसले आणि उरलेले अर्धे चहाला गेले ते आलेच नाहीत.

ह्या रविवारच्या अडीचेक वर्षं आधी मास्तर सायकलवरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सत्तरी उलटलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, ह्या हातानं जेवता आलं तरी पुष्कळ समजा. मेळ बंद पडायला नको म्हणून शिरगावकरसरांनी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतला पोरगेला इंजिनिअर शोधून आणला, उदय बावडेकर. व्हायोला छान वाजवायचा. स्वभावानं इतका लाजाळू, की चहात साखर नसली तरी तसाच प्यायचा. सहा महिने आमचं त्याच्याबरोबर उत्तम चाललं.

आणि एका संध्याकाळी मास्तर दारात उभे. एका हातात व्हायोलाची पेटी, मनगटाला क्रेप बँडेज. "आलो," म्हणाले. उदय खुर्चीवरून असा उठला, जसा काही चोरी करताना सापडलाय. आता त्याला जा कसं म्हणणार? आणि मास्तरांना तरी येऊ नका कुठल्या तोंडानं सांगणार? तेवढ्यात शिरगावकरसर म्हणाले, बरं झालं मास्तर आलात, आम्हाला क्विंटेट सुरू करायचंच होतं, एक व्हायोला कमी पडत होता. मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली थाप. पण मोझार्टनं खरंच पाचजणांसाठी लिहून ठेवलंय, दोन व्हायोलिनं, दोन व्हायोला आणि एक चेलो. जणू आमची पंचाईत त्याला आधीच कुणीतरी कळवली होती.

मास्तरांचा हात सुरुवातीला आखडलेला होता. तारांवर गज उशिरा फिरायचा, सूर मागनं यायचा. आम्ही थांबायला लागलो. त्यांना कळणार नाही अशा बेतानं, थोडंथोडं. म्हाताऱ्या माणसाबरोबर देवळात जाताना आपण आपोआप पाय आवरतो, तसंच. त्याबद्दल आम्ही आपसात कधी चकार शब्द काढला नाही. काढायची गरजच वाटली नाही, इतकं ते अंगवळणी पडलं.

अशात मुंबईच्या एका संगीतसभेनं ठरवलं, की गावोगावच्या हौशी मंडळींचे असले मेळ बोलवायचे आणि दोन दिवसांचा उत्सव करायचा. शिरगावकरसरांना कुठूनतरी कळलं. अट अशी, की आपल्या वाजवण्याची दहा मिनिटांची एकच टेप पाठवायची, आणि टेपवर जे वाजवतील त्यांनीच यायचं. सरांनी दोन टेपा करायचं काढलं. एक मोझार्टच्याच काळातल्या हायडनचं क्वार्टेट, चौघांचं, त्यात व्हायोला उदयचा. दुसरी मोझार्टचं क्विंटेट, पाचांचं, मास्तरांसकट. दोन्हींतला शेवटचा, पळता भाग. मग ऐकून ठरवू कुठली पाठवायची, म्हणाले. चौघांची टेप केली तेव्हा मास्तर गिरणीच्या दारात बसून बायकांना गप्प करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

तर ती निवड करायचा हा रविवार. उदयचे दाजी संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघाले होते, आणि दुसऱ्या दिवशी टेप पोचवायची मुदत संपत होती. म्हणजे काय तो निकाल दिवेलागणीच्या आत लागायला हवा होता. शिवाय बाळगोंडा जैन, दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घालायचा नाही, म्हणून मी त्याच्यासाठी भाकरी आणि वांग्याची भाजी दुपारीच करून झाकून ठेवली होती.

चौघांची टेप आधी लावली. खरं सांगते, मी आमच्यावर खूश झाले. स्वच्छ, नेटकं, कुठं कण अडकला नाही. शिरगावकरसरांचे सूर तर असे पडत होते, की तेही स्वतःवर जरा खूश दिसले. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, मधेच मान हलवत होते.

मग पाचांची लावली. सुरुवात झोकात झाली. पण जरा वेळानं कसं कोण जाणे, लय बसत गेली, मंदावत गेली. आमटीला माणसं वाढतील तसं पाणी घालत जावं, तसली गत. शेवटी शेवटी तर पळता भाग रमतगमत फिरायला निघालेला. वाजवताना मला हे इतकं जाणवलं नव्हतं. टेप संपली तशी बाळगोंडानं खिशातून रुमाल काढून उगाच नाक पुसलं आणि उदय टेपरेकॉर्डरच्या बटणांकडं बघत राहिला.

चौघांची टेप चांगली आहे म्हणायचं, म्हणजे मास्तरांना तोंडावर सांगायचं की तुम्ही घरी बसा. शिरगावकरसरांनी तोड काढली. म्हणाले, गुप्त मतदान करू. स्वयंपाकघरात एक झाकणाचं पातेलं ठेवायचं, एकेकानं आत जायचं. चौघांच्या टेपेला शेंगदाणा, पाचांच्या टेपेला फुटाणा. मी म्हटलं, मास्तरांना कशाला त्यात ओढायचं? तर मास्तरच म्हणाले, "का? मी काय पाहुणा आहे?"

माझी पाळी आली तेव्हा मी पातेल्यासमोर एका तळहातावर शेंगदाणा आणि एका तळहातावर फुटाणा घेऊन उभी राहिले. कान स्पष्ट सांगत होते, शेंगदाणा. मला मास्तरांचा दारात उभा राहिलेला, क्रेप बँडेज बांधलेला हात आठवत होता. मी फुटाणा टाकला आणि शेंगदाणा खाऊन टाकला.

पातेलं बाहेर आणून आमच्या ह्यांनी ताटलीत उपडं केलं. चार फुटाणे आणि एक शेंगदाणा.

मी, बाळगोंडा आणि उदय, तिघांनीही शिरगावकरसरांकडं बघितलं. दुसरं कोण असणार? ज्या माणसाला वहीच्या समासातली चूक खपत नाही, तो असली टेप मुंबईला पाठवील? सरांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? मी फुटाणा टाकलाय."

"शेंगदाणा माझा," मास्तर म्हणाले.

आमचे हे ताटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. मास्तर चिडले होते. आम्ही लहान असताना बेसूर वाजवल्यावर चिडायचे, तसेच.

"मी तुम्हाला ऐकायला शिकवलं," ते म्हणाले. "हे ऐकून टाकलेले फुटाणे नाहीत. चौघांची टेप चांगली आहे. तीच जायची."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी स्टेशनवर पोचवायला येईन."

इतकं साधं बोलले, की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यांनी बघितलं असावं, कारण मग आवाज खाली आणून आमची समजूत काढायला लागले. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले, क्विंटेट सगळ्यांनाच झेपतं असं नाही. मी पडलो, सहा महिने नव्हतो, तेवढ्यात तुमची सवय मोडली. आल्या दिवसापासून बघतोय, पाचात तुम्ही दमता, तुमची लय बसते. पुढं म्हणाले, "मी थांबतो तुमच्यासाठी. दोन वर्षं थांबतोय. पण मी तरी किती थांबायचं?"

बाळगोंडा ताडकन उठला. "काय बोलालाय मास्तर तुमी?" तो म्हणाला.

आणि शिरगावकरसरांचा तोल गेला. दोन वर्षं ज्या गोष्टीबद्दल आम्ही चौघांनी एकमेकांकडंसुद्धा ब्र काढला नव्हता, ती ते भडाभडा बोलून मोकळे झाले. "तुम्ही थांबता? मास्तर, आम्ही थांबतो! तुमचा हात मागं पडतो म्हणून आम्ही थांबतो, आल्या दिवसापासून!"

उदय त्यांच्या बाहीला धरून ओढत होता, पण आता ओढून काय उपयोग? मास्तर वळले आणि माझ्याकडं बघितलं. सर रागाच्या भरात बोलतील, बाळगोंडा गोड बोलेल, पण मी खरं सांगेन असं त्यांना वाटत असावं.

"हेमा, हे खरं?"

मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होते.

मास्तर टेपरेकॉर्डरजवळ सरकले. मग उदयला म्हणाले, टेप मागं घे आणि जिथं लय पहिल्यांदा बसते तिथून लाव. त्यानं लावली. आम्ही सहा डोकी त्या टेपरेकॉर्डरवर अशी वाकलो, जसं काही त्यात पुरण शिजतंय. मास्तर म्हणाले, हे बघा, इथं दुसरं व्हायोलिन मागं आलं, म्हणून मी आलो. मी म्हटलं, मी आले ते तुमचा सूर लांबला म्हणून. परत लावली. आता सरांना वाटलं, चेलो आधी थांबतोय. बाळगोंडा म्हणाला, तो थांबतोय ते उदयकडं बघून. उदय अगदी हळू आवाजात म्हणाला, की तो ह्या ठिकाणी मास्तरांच्या कोपराकडं बघत असतो आणि कोपर थांबलं की थांबतो. मास्तर म्हणाले, अरे, मी कोपर थांबवतो ते तुझं थांबतंय म्हणून. पुन्हा लावली. चार वेळा ऐकली आणि आधी कोण थांबलं ते काही केल्या सापडेना.

बाळगोंडानं शेवटी हात जोडले. "सगळीच थांबल्यात की ओ," तो म्हणाला.

खरंच तसं होतं. पाचही माणसं दारात उभी, तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, आणि आत कुणीच जात नाही. मास्तरांचा हात कधीचाच मोकळा झाला होता. पण आम्ही त्यांना आजारी धरून बसलो होतो आणि ते आम्हाला अडाणी धरून बसले होते. दोन्हीकडून माया ऊतू जात होती आणि मोझार्टचा जीव जात होता. मला हसू यायला लागलं आणि ते दाबायला गेले तर खोकला आला.

मास्तर मात्र हसले नाहीत. "दोन वर्षं मला सांभाळून घेत होता," म्हणाले.

"तुम्ही आम्हाला घेत होता तसंच," शिरगावकरसर म्हणाले. त्यांचा आवाज आता पार खाली आला होता.

मास्तर उठले. मला वाटलं, आता पायात चपला घालणार आणि सरळ मिशन कंपाउंड गाठणार. त्यांनी पेटी उघडली, व्हायोला काढला, तारा लावल्या आणि खुर्ची ओढून बसले. गजाला राळ घासत म्हणाले, "वाजवा. मागं राहील तो राहील. कुणाला आणायला कुणी परत यायचं नाही."

तेवढ्यात पाच वाजून गेलेले. बाहेर बायकांचा गलका सुरू झाला होता, त्यात सकाळपासून डबा ठेवून गेलेल्याही परत आल्या होत्या. आमच्या ह्यांनी दारात जाऊन आणखी अर्धा तास मागून घेतला. कशाच्या जोरावर ते मला अजून कळलेलं नाही, पण पुढं महिनाभर त्या बायकांचं दळण आम्ही जरा जास्तच बारीक काढून दिलं. मी बाळगोंडाला म्हटलं, तू आधी दोन घास खाऊन घे, दिवस कलला. तो चेलोच्या खुंट्या पिळत म्हणाला, "ऱ्हाऊ दे वैनी. आज उपास."

उदयनं नवी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि पळत येऊन आपल्या खुर्चीत बसला.

तसं आम्ही त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. सर सुटले, त्यांच्या मागं मी सुटले, आणि पहिल्याच वळणावर जुन्या सवयीनं माझा हात आवरायला लागला. बघते तर मास्तर पुढं. त्यांचं कोपर थांबलं नाही, माझ्याकडं बघणंही नाही. मी मुकाट पळाले. उतारावर गाडीचे ब्रेक गेल्यावर माणसं जशी दांडीला धरून बसतात, तसे आम्ही सगळे लयीला धरून होतो. भीती वाटत होती आणि मजा येत होती. बाळगोंडाच्या कपाळावरनं घाम चेलोवर गळत होता आणि त्या लाजाळू उदयनं मास्तरांशी असली काही चढाओढ लावली होती, की दोन व्हायोला आहेत की चार असं वाटावं.

आणि शिरगावकरसर पडले. त्यांच्या एकट्याच्या जागी, सगळ्यात सुंदर जागी, बोट घसरलं आणि एक अख्खी ओळ गळाली. मी दचकले. कुणी थांबलं नाही. मास्तर तर नाहीच. सर दोन श्वास नुसते गज उचलून बसले, मग सुटलेल्या एसटीच्या दांडीला हात घालावा तसे धावत येऊन पुढच्या ओळीत चढले. आम्ही पाचहीजण एकदम, एकाच क्षणी, शेवटच्या सुरावर येऊन आदळलो. बाहेरच्या बायकांत एकदम शांतता पसरली आणि मग कुणीतरी विचारलं, झालं काय? आता गिरणी लावणार काय?

उदयनं बटण बंद केलं. मास्तर मान खाली घालून धापा टाकत होते. वर बघितलं तेव्हा तोंड लालबुंद आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं.

पण टेपेचा प्रश्न होताच. एकीकडं चौघांची स्वच्छ टेप, जिच्यात शिरगावकरसरांची एकही चूक नव्हती. दुसरीकडं ही, जिच्यात त्यांच्याच मोक्याच्या जागी भगदाड. तिसऱ्यांदा वाजवायला वेळ नव्हता आणि आमच्यात जीवही नव्हता. गाडीची वेळ होत आली होती. ह्या वेळी शेंगदाण्यांचं कुणी नाव काढलं नाही, सगळे सरांकडं बघत होते. मास्तर मुद्दाम दुसरीकडं बघत होते, पण व्हायोला अजून पेटीत ठेवला नव्हता.

सरांनी ताजी कॅसेट टेपरेकॉर्डरमधून काढली आणि उदयच्या हातात ठेवली. "ही दे," म्हणाले.

मी म्हटलं, "सर, त्यात तुमची ओळ गळलीय."

"माहीत आहे. मीच गाळलीय ना," ते म्हणाले. "पळ रे उदय, गाडी चुकेल."

उदय राजदूत फटफटीवरून सुटला. आमच्या ह्यांनी पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली आणि मांडणीवरच्या वाट्या वाजायला लागल्या. बाळगोंडानं खिडकीतून मावळतीकडं बघून सुस्कारा टाकला. मी त्याची भाकरी फडक्यात बांधून दिली, उद्या उजाडल्यावर खा म्हणून.

महिन्याभरानं मुंबईहून बोलावणं आलं. पाचजणांना. चेलोसकट सहा जागांची आम्ही तिकिटं काढली आणि मास्तरांनी कपाटातला लग्नातला कोट काढून शिंप्याकडून दोन्ही बाजूंनी आत घेतला. सभागृह काही फार मोठं नव्हतं. पण समोर माणसं मुद्दाम आलेली, पाय आवरून बसलेली, आणि गाणं कधी सुरू होणार असं कुणीसुद्धा विचारत नव्हतं. पडद्याआडून मास्तर त्यांच्याकडं बराच वेळ बघत उभे होते. मी हाक मारली तरी हलले नाहीत.

आम्ही कसं वाजवलं ते मला नीट आठवत नाही. मुंबई बघून आम्ही चौघं इतके बावचळलो होतो, की सरांनी सुरुवातच घोड्यावर बसल्यासारखी केली आणि मग कुणी कुणाचं ऐकेना. गिरणीमागच्या खोलीत वाजवलं होतं त्याहूनही आम्ही पळालो. मास्तर पळाले बरोबर, एक सूर सोडला नाही. शेवटी टाळ्या किती वेळ चालल्या, कुणी उभं राहिलं होतं का, ह्यावर शिरगावकरसर आणि बाळगोंडा अजूनही भांडतात.

आत आलो. मास्तर पहिली दिसली त्या खुर्चीत बसले. कोटाची बटणं काढली, रुमालानं मान पुसली, पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या रिकामा केला. इतकं खूश मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मग आम्हा चौघांकडं एकेक करून बघितलं आणि म्हणाले,

"अरे, जरा थांबायचं होतं की माझ्यासाठी. म्हातारा माणूस आहे मी."